महत्त्वाचं काही नाही

मी हॅम रेडिओची परीक्षा पास झालेली आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पहिला, "म्हणजे तुम्ही रेडिओवर गाणी लावता का?" आणि दुसरा, "आता मोबाईल असताना त्याचा उपयोग काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हॅमला गाणी लावायला चक्क बंदी असते. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं मात्र मी बरीच वर्षं टाळत आले. आज लिहून टाकते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. स्वतःच्या घरात स्वतःचा ट्रान्समीटर लावून जगातल्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं, पैसे न घेता, केवळ आवड म्हणून. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते आणि मग परवाना मिळतो. राजीव गांधींकडेही असा परवाना होता, व्हीयू२आरजी हे त्यांचं कॉलसाइन. आमच्या वेळी परीक्षेचे तीन भाग असत. एक रेडिओचं शास्त्र, दुसरा नियम, आणि तिसरा मोर्स. डॉट आणि डॅश. सगळे घाबरायचे ते या तिसऱ्याला.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, १९८९ साल. कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे एका हॅमने टेबल मांडलं होतं. मी अर्धा दिवस तिथेच उभी होते. घरी येताना मोर्सचा छापील तक्ता घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. येता-जाता पाठ करायचं असं ठरवलं होतं.

बाबा संध्याकाळी फिरून आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि काही न बोलता त्यांनी तो काढून घडी घालून ठेवून दिला.

"अहो बाबा, मला पाठ करायचंय ते."

"पाठ करायचं नसतं. ऐकायचं असतं," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

नेहमीच्या वाचकांना (आणि आत्या, काका, तुम्हाला तर आहेच) ठाऊक आहे की माझे बाबा तार खात्यात होते. पंढरपूर, बार्शी, कराड असं करत करत १९८८ला निवृत्त झाले आणि आम्ही पुण्यात स्थायिक झालो. मोठ्या ऑफिसांत टेलिप्रिंटर आले होते, पण बाबांची निम्म्याहून जास्त नोकरी मोर्सवर गेलेली. हे मला माहीत होतं, पण ते कसं, हे कधी माहीत नव्हतं. कारण बाबा घरी ऑफिसबद्दल बोलत नसत. खरं म्हणजे ते कशाबद्दलच फारसं बोलत नसत. जेवायला बसले की "भाजी वाढ", आणि उठले की "झालं". आईनं त्यांच्या वाटचं सगळं बोलून घेतलं होतं.

तर माझा अभ्यास सुरू झाला तो असा. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून ५५५ ची आयसी, एक छोटा स्पीकर, दोन-चार रेझिस्टर आणले आणि पिऽऽ असा आवाज काढणारी पेटी जुळवली. मोर्स पाठवायची पितळी कळ बाबांनी जुन्या बाजारातून शोधून आणली. घासाघीस न करता आणली, म्हणजे किती आवडली असेल बघा. आता बाबा फाडफाड शिकवणार असं मला वाटलं. पण गंमत अशी की पहिल्या दिवशी त्यांनाच ते नीट ऐकू येईना!

त्याचं कारण मला नंतर कळलं. तार ऑफिसातल्या साउंडरला 'पिऽऽ' असा सूर नसतो. त्यात एक लोखंडी पट्टी असते, ती खाली आपटते तेव्हा एक टक् आणि वर जाते तेव्हा दुसरी टक्. दोन टक्-मधलं अंतर कमी असलं तर डॉट, जास्त असलं तर डॅश. म्हणजे तारवाला आवाज ऐकतच नाही, दोन आवाजांमधली शांतता ऐकतो. रेडिओवर उलट, सूर किती वेळ वाजला हे ऐकायचं. बाबांनी सगळी उमेद शांतता ऐकण्यात घालवलेली, त्यांना ही पिपाणी काही झेपेना. "हे काय लग्नातल्यासारखं," म्हणाले. आठ-दहा दिवस त्यांनी कान लावले आणि मग एके दिवशी सकाळी एकदम आलं.

शिकवण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. एकेक अक्षर भर्रकन वाजवायचं आणि मग लांब थांबायचं. मी म्हणायचे, हळू वाजवा ना, मला डॉट मोजायचेत. तर म्हणायचे, "मोजता येऊ नये म्हणूनच जलद वाजवतोय." पुढे वाचनात आलं की जगभर शिकवायची हीच पद्धत मानतात, तिला फार्न्सवर्थ यांचं नाव आहे. अक्षर वेगात, मधली जागा मोठी. सावकाश वाजवलं की मेंदू मोजायला लागतो, आणि मोजणारा माणूस एका वेगापुढे जातच नाही. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १८९७मध्येच तारवाल्यांचा अभ्यास करून लिहून ठेवलंय की शिकणाऱ्याची प्रगती मध्येच काही काळ अडून राहते आणि मग एकदम पुढे सरकते. बाबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. ते म्हणायचे, तबला शिकणारा 'धा' मध्ये काय काय आहे ते मोजतो का? 'धा' म्हणजे 'धा'. तसं 'डा-डि-डा-डि' म्हणजे सी. डॅश डॉट डॅश डॉट नव्हे.

मलाही ते एकदम आलं. महिना-सव्वा महिना नुसतं टकटक ऐकून डोकं उठलं होतं आणि एका संध्याकाळी बाबांनी काहीतरी वाजवलं आणि मी उठून दिवा लावला. मग लक्षात आलं की त्यांनी "लाइट" एवढंच वाजवलं होतं. अक्षरं मी ऐकलीच नव्हती. शब्दच ऐकला होता.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण पेटीवर बोलायला लागले. संध्याकाळी तासभर. आज डाळ खारट होती. समोरच्यांचा कुत्रा आजारी दिसतो. आई म्हणायची, "दोघांची कडकट्ट सुरू झाली की मला वाटतं माझ्याबद्दलच बोलताय." बहुतेक वेळा बरोबर असायचं ते. :)

मग माझ्या मनात आलं, बाबाच परीक्षेला का बसत नाहीत? विचारलं तर आधी "आता या वयात" झालं, मग "बघू" झालं, मग एक दिवस गुपचूप फॉर्मवर सही झाली. ठरलं असं की मोर्स त्यांनी मला शिकवायचं आणि शास्त्र आणि नियम मी त्यांना.

शास्त्र त्यांना जड जात होतं. मॅट्रिकनंतर पुस्तकाशी संबंध सुटलेला, त्यात सगळं इंग्रजीत. नियमांचं पुस्तक मात्र ते आवडीनं वाचायचे, सरकारी भाषेची सवय होती ना. असंच एकदा वाचता वाचता ते हसायला लागले. बाबा मोठ्यानं हसले म्हणून आई बाहेर आली. त्यांनी मला एका कलमावर बोट ठेवून दाखवलं. त्याचा मतलब असा होता की हौशी माणसाने फक्त प्रयोगांबद्दल बोलावं, किंवा असं काही वैयक्तिक बोलावं की जे तार करण्याइतकं महत्त्वाचं नाही.

"म्हणजे महत्त्वाचं काही बोलायचं नाही! कायद्यानेच!" म्हणाले. आणि पुन्हा हसले.

मला त्यात एवढं हसण्यासारखं काही दिसलं नाही. (नियम खरा आहे बरं का. सरकारी तारेचा धंदा हौशी लोकांनी बुडवू नये म्हणून जगभर तसा नियम होता.) पण त्या रात्री पेटी बंद केल्यावर बाबा आपणहून बोलले, तोंडाने. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच ऑफिसबद्दल इतकं बोलले.

तुमच्यापैकी ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल, तार आली की घरात काय व्हायचं. उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. बाबा म्हणाले, शुभेच्छांच्या तारांना ठराविक वाक्यं असायची आणि त्यांना आकडे असायचे. लग्नाच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, नुसता आकडा पाठवला की झालं. पण कुणी गेलं, कुणी अत्यवस्थ आहे, ते मात्र अक्षर अक्षर यायचं. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' ते अक्षर अक्षर आधी त्यांच्या कानातून जायचं. गावातला माणूस बाजारात भाजी घेत असायचा आणि त्याचे वडील गेलेत हे त्याच्या आधी बाबांना कळलेलं असायचं. बार्शीला असताना तर शेजारच्यांचीच एक आली होती. तारेतला मजकूर बाहेर सांगणं हा १८८५च्या तार कायद्याने गुन्हा. तार पोचवणारा शिपाई सायकलवरून निघायचा आणि तो पोचेपर्यंत बाबांनी गप्प बसायचं. मग पुढची तार.

"सवय होते," म्हणाले, "गप्प बसायची."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

१९९०च्या जुलैत परीक्षा झाली, मुंबईत. आम्ही बापलेक सकाळच्या डेक्कन क्वीनने निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं. मोर्सची परीक्षा आधी. ग्रेड टू ला मिनिटाला पाच शब्दांचा वेग, पाच अक्षरांचा एक शब्द धरायचा, म्हणजे पाच मिनिटांत १२५ अक्षरं. ती ऐकून लिहायची. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की बाहेर, आणि पुन्हा वाजवून दाखवत नाहीत. आधी एक मिनिट सरावाचं वाजवतात. तेवढ्यातच माझ्या शेजारच्या मुलाची पेन्सिल मोडली.

मी मोठ्या सुट्या अक्षरांत लिहीत होते. मध्ये एकदा नजर गेली तर बाबांचा कागद कोराच होता! पोटात गोळा आला. चार-पाच अक्षरं होऊन गेली तरी त्यांचं पेन हलेना. मग त्यांनी सावकाश, लपेटीच्या अक्षरात एक अख्खा शब्द लिहिला आणि पुन्हा थांबले. जुने तारवाले असेच लिहितात, कानाच्या मागे मागे, शब्द पुरा झाल्यावर. शेवटी पूर्णविरामाच्या जागी एक छोटी रेघ मारून त्यांनी कागद उलटा करून ठेवला, तारेच्या फॉर्मवर करत असतील तशी. परीक्षक साहेब तिथेच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "कौनसे ऑफिस में थे आप?"

पाठवण्याच्या परीक्षेत माझा हात थरथरत होता. चुकलं तर आठ डॉट वाजवायचे, म्हणजे 'मागचं खोडा', आणि पुन्हा पाठवायचं. मी दोनदा खोडलं आणि निभावलं. बाबांच्या वेळी खोलीतले बाकीचे लोक बोलायचे थांबले होते.

निकाल पोस्टाने आला. मी पास. बाबा मोर्समध्ये पास, नियमांत पास, शास्त्रात नापास.

घरात कसं वातावरण होतं ते काय सांगू. पेढे आणायचे की नाही हे आईला कळेना. मला फार अन्याय वाटला होता. त्या दिवशी त्या खोलीत मोर्स जितकं बाबांना येत होतं तितकं परीक्षकांसकट कुणाला येत असेल का, याची मला शंका होती. बाबांनी निकालाचा कागद घडी घालून तक्त्याशेजारी ठेवला आणि पेढे स्वतः जाऊन आणले. आठवडाभर पेटी वाजली नाही.

मग मीच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुपरहेटेरोडाइन रिसीव्हरची आकृती काढून त्यांच्या समोर ठेवली. सगळं घोडं तिथेच अडलं होतं. स्टेशन कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर असू दे, रिसीव्हर आधी ते एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो, बहुतेक रेडिओंत ४५५ किलोहर्ट्झ, आणि पुढचं सगळं काम त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर होतं. मी तीनदा समजावलं. बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तार कुठल्याही गावाहून येऊ दे, शेवटी उतरायची एकाच टेबलावर, एकाच छापील फॉर्मवर. असंच ना?"

असंच! माझ्या प्रोफेसरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही सगळं शास्त्र तार ऑफिसच्या भाषेत लावलं. पुढच्या खेपेला बाबा पास झाले. एकसष्टी जवळ आली होती.

परवाना लगेच मिळत नाही. तेव्हा कागद दिल्लीला जात, पोलीस चौकशी होई. घरी आलेल्या हवालदारांना आईनं पोहे केले आणि त्यांनी जाताना विचारलं की या यंत्रावर क्रिकेटची कॉमेंट्री लागते का. दोघांचे परवाने यथावकाश आले. व्हीयू३ आणि पुढे तीन तीन अक्षरं. गच्चीवर वीस मीटर तार ताणून अँटेना केली, तिच्या दोरीवर आई कपडे वाळत घालायची म्हणून होणारे वाद सोडून देते.

ग्रेड टू वाल्याला लघुलहरींवर लगेच माइकवर बोलता येत नसे. आधी मोर्सवर शंभर जणांशी संपर्क केल्याचा पुरावा द्यायचा, मग माइकची परवानगी. बाबांचा पहिला संपर्क बेंगळुरूच्या एका हॅमशी झाला. सात मेगाहर्ट्झवर, रविवारी सकाळी. नाव, गाव, सिग्नल कसा येतोय, हवामान कसं आहे, आणि शेवटी ७३, म्हणजे हॅम लोकांचा रामराम. सगळं मिळून दहा मिनिटं. बाबांनी हेडफोन काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

"बेंगळुरूला पाऊस आहे," आईला म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. पाऊस आहे."

आईला वाटलं अजून काहीतरी सांगायचंय, म्हणून ती हातातलं काम थांबवून बघत राहिली. पण तेवढंच होतं. मला मात्र त्यांचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तारेवरची बातमी त्यांनी घरात येऊन सांगितली होती. आणि ती कुणाच्या मरणाची नव्हती.

त्यांची लॉगवही माझ्याकडे आहे. वेळ, कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी हे सगळं नियमाप्रमाणे, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या लपेटीच्या अक्षरात शेरे. 'ऊन.' 'गुडघा दुखतो.' 'नातू झाला.' 'आंब्याला मोहोर.' शंभर केव्हाच पुरे झाले, माइकची परवानगी आली. त्यांनी माइकला कधी हात लावला नाही.

२००३ साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेत मोर्सच्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, ज्याने त्याने आपल्या देशापुरतं ठरवावं असं झालं. २००७मध्ये अमेरिकेनेही ती परीक्षा काढून टाकली. जहाजांनी तर १९९९लाच मोर्स सोडलं होतं. हॅम लोकांत तेव्हा प्रचंड भांडणं झाली. मी अर्थातच 'परीक्षा हवी' या बाजूची. बाबांना विचारलं तर म्हणाले, "काढली ते बरं केलं. मला शास्त्रात अडवलं तेव्हा तू चिडली होतीस. मोर्ससाठी अडलेल्यांच्याही मुली असतील की घरी."

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून हॅम स्टेशन चालवत होते. जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क हवा होता, म्हणून केवळ हौसेची मोहीम. २६ तारखेला त्सुनामी आली. संपर्काची नेहमीची साधनं कोलमडली, आणि ही मंडळी हौस बाजूला ठेवून निरोप पोचवायला लागली. आपत्तीत 'महत्त्वाचं बोलू नका' हा नियम बाजूला ठेवता येतो. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. आमचा रिसीव्हर लावून कानाला हेडफोन, समोर कागद. मला काळजी वाटत होती, म्हटलं आता पुन्हा तेच सगळं ऐकणार हे. रात्री उशिरा मी रिसीव्हर बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला.

"असू दे. सुखरूप असल्याचे निरोपही येतायत," म्हणाले. "अमुक माणूस ठीक आहे, घरी कळवा. अशा तारा आमच्याकडे फार कमी यायच्या."

बाबा २०१०मध्ये गेले. हॅम वारला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात, कळ शांत झाली. जुलै २०१३मध्ये सरकारने तार सेवा बंद केली तेव्हा लोकांनी शेवटची तार करायला रांगा लावल्या होत्या, पेपरात फोटो आले होते. मला दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं, तू नाही का गेलीस? नाही गेले. बाबा गेले असते असं वाटत नाही.

तर, मोबाईल असताना उपयोग काय? उपयोग असा काही नाही. रविवारी सकाळी वेळ मिळाला तर मी अजूनही सात मेगाहर्ट्झवर कळ घेऊन बसते. गेल्या रविवारी कोईमतूरचे एक गृहस्थ भेटले, हात जरा अडखळत होता, नवीनच शिकलेले असावेत. मी अक्षरं जलद आणि मधली जागा मोठी ठेवून पाठवलं. त्यांच्याकडे ढगाळ आहे.